चीप म्हणजे स्वस्त

मार्च अर्धा सरला की दौंडच्या आमच्या शाळेत दोन वास एकदम येतात. मागच्या कडुलिंबाला मोहर धरलेला असतो, त्याचा एक. आणि वारा पाटसच्या बाजूचा असला तर कारखान्याच्या मळीचा दुसरा. खिडक्या उघड्या ठेवल्या तर मळी वर्गात येऊन बसते आणि बंद केल्या तर पोरं उकडून निघतात. मी उघड्याच ठेवते. हंगामाच्या शेवटच्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यानं जात असतात, त्यांच्या टेपवरची गाणी वर्गात ऐकू येतात, आणि मी फळ्यावर इंग्रजी शब्द लिहीत असते.

गेल्या आठवड्यात आठवीला शब्दार्थ घेत होते. नेहमीची पद्धत: शब्द, अर्थ, वाक्यात उपयोग. यादीत 'चीप' आला. "चीप म्हणजे स्वस्त," पोरांनी एका सुरात सांगितलं. वाक्यात उपयोग करायला एका मुलीला उभं केलं. ती म्हणाली, कांदा चीप आहे. ह्या भागातल्या मुलीनं दुसरं काय म्हणावं. मग एक मुलगा उठला आणि म्हणाला, माझा शर्ट चीप आहे. वर्ग फिदीफिदी हसला. तो बिचारा खरं तेच सांगत होता, पण आताच्या पोरांना तो शब्द शिवी म्हणून जास्त माहीत आहे. कुणी डबा लपवला तरी 'किती चीप वागतोस' म्हणतात. मी हसणाऱ्यांना दटावलं, त्याचं वाक्य फळ्यावर लिहिलं आणि तास संपला म्हणून सांगितलं. घंटेला अजून दहा मिनिटं होती.

दर मार्चमध्ये माझं असं काहीतरी होतं. शेजारच्या वर्गातल्या बाई पोरांकडून शब्दांच्या चिठ्ठ्या करून घेतात. पुठ्ठ्याचे चौकोन, एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. पाठांतराला त्याच्यासारखी युक्ती नाही. त्या मला विचारतात, "मॅडम, तुम्ही का नाही करत?" मी सांगते, फार पसारा होतो.

माझं सगळं शिक्षण शिरूरला झालं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका शिंप्याचं दुकान होतं. त्याच्यावर मोठा पिवळा बोर्ड: 'चीप अँड बेस्ट टेलर्स'. सगळं इंग्रजीत, मराठीत एक अक्षर नाही. शिंप्यालाही ते वाचता येत नव्हतं. रंगाऱ्यानं सुचवलं आणि त्यानं लावून घेतलं. माझी आई तिसरीपर्यंत शिकलेली. मराठी ती बोट लावून वाचायची, सही करायची, पण इंग्रजी अक्षर दिसलं की थांबायची आणि मला हाक मारायची. "शैले, काय लिवलंय गं?" गोळ्यांचं पाकीट असो, साबणाचा कागद असो, कंपनीच्या बसची पाटी असो. एसटी स्टँडवर तर मुद्दाम मोठ्यानं विचारायची, चार बायकांना ऐकू जावं म्हणून. मी पाचवीत असल्यापासून हे काम माझ्याकडे होतं आणि मला त्याचा फार डौल होता. एखादा शब्द येत नसला तर अंदाजानं सांगायचे. ती खरं मानायची.

शिंप्याचा बोर्डही मी तिला वाचून दाखवला होता. स्वस्त आणि उत्तम. आई थोडा वेळ बोर्डाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आसं कुठं आसतंय व्हय? येक तर स्वस्त, न्हाईतर चांगलं." शिंप्यानं आतून हसून मान डोलावली. त्यानं कापलेले माझे दोन फ्रॉक तसे आईच्याच बाजूची साक्ष देत होते.

आमच्या घरात मात्र 'स्वस्त' हा आनंदाचा शब्द होता. आठवडे बाजारातून आई घामानं निथळत यायची, पिशवी खाली ठेवायची आणि आधी तेवढंच सांगायची, मेथी स्वस्त झाली, वांगी स्वस्त झाली. त्या दिवशी घरात सगळ्यांचे चेहरे जरा सैल असायचे. पुढे बी.एड.ला आम्हाला एक बाई होत्या. त्यांनी सांगितलं की 'चीप' जरा जपून वापरावा, त्याला हलकेपणाचा वास येतो, चारचौघात 'इनएक्स्पेन्सिव्ह' म्हणावं. मी वहीत लिहून घेतलं. मला तो वास तोवर चांगला ओळखू येत होता, पण बाईंना काय सांगणार. एक गोष्ट मी मनाशी ठरवून ठेवली आहे, ती कुठल्या शब्दकोशात नाही: हा शब्द नेहमी विकणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या तोंडी असतो. जो माल आहे त्याला कुणी विचारत नाही.

हे सगळं घडलं त्या वर्षी मी नववीत होते. रांजणगावची एमआयडीसी तेव्हा नवीनच जोरात आली होती. शिरूरमधली अर्धी पोरं सकाळी तिकडे जायची. माझा भाऊ अशोक, मी त्याला दादा म्हणायचे, एका कंपनीत प्रेसवर होता. कंपनीचं नाव सांगत नाही. आता ती तिथं नाहीही. पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, बटण दाबायचं, वरून प्रेस खाली येतो, तुकड्याचा आकार बदलतो, तो काढायचा, दुसरा ठेवायचा. दिवसभर हेच. दादा कंपनीचा नव्हता, ठेकेदाराचा होता. कंपनीच्या पोरांना निळा शर्ट, ओळखपत्र आणि बस. ठेकेदाराच्या पोरांना सहा आसनी रिक्षा, तिच्यात बारा जण.

कंपनीत घ्यायला दहावी पास लागत होतं. दादा दहावीला इंग्रजीत गेला होता. एकदा नाही, दोनदा. बाकीचे सगळे विषय सुटले होते, इंग्रजी तेवढं मानेवर बसलं होतं. सुपरवायझरनं त्याला सांगितलं होतं, यंदा मार्चला पास हो, मग बघू. त्यानं फॉर्म भरला आणि मला म्हणाला, "शैले, आता तूच माझी मास्तरीण."

आप्पा, म्हणजे आमचे वडील, पाटसच्या बाजूला साखर कारखान्यावर हंगामी कामगार होते. दिवाळीआधी बॉयलर पेटला की जायचे ते उन्हाळ्यात परत यायचे. त्यामुळे त्या हंगामात घरात आम्ही तिघंच होतो, आणि घराची सगळी आशा त्या एका पेपरावर होती. आईनं तर निळा शर्ट धुवायला निळीची पुडीही आणून ठेवली होती. दादा तिला चिडवायचा, "आये, शर्टाच्या आधी नीळ आणलीस व्हय?" ती म्हणायची, "मग? बाजारात स्वस्त गावली."

चिठ्ठ्यांची कल्पना माझी. दादाला वही घेऊन बसायला वेळ नव्हता. रिक्षात, चहाच्या सुट्टीत खिशातून काढून बघता येईल असं काहीतरी हवं होतं. मी आधी वहीच्या कागदाच्या केल्या. त्या दोन दिवसांत चुरगळल्या. मग तो म्हणाला, "जाड पुठ्ठ्याच्या कर. येवढ्याशाच, पर जाड." मी बनियनच्या खोक्याचा पुठ्ठा कापला. नाण्याहून थोडे मोठे चौकोन, एका बाजूला ठळक अक्षरात शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात वाक्य. 'चीप'वर मी लिहिलं होतं, मेथी चीप आहे. आमचा नियम असा ठरला की जो शब्द पाठ झाला त्याची चिठ्ठी परत आणायची नाही, जो झाला नाही तो संध्याकाळी माझ्याकडे द्यायचा. रोज सकाळी मी दहा द्यायचे. सुरुवातीला सगळ्या परत यायच्या. मग नऊ, मग आठ, मग सहा. मी अगदी फुगून गेले होते.

"पाठ झालेल्या कुठं टाकतोस रे?" मी एकदा विचारलं.

"पोटात," तो म्हणाला.

जानेवारी संपत आला. शब्द होत होते पण निबंध आणि पत्र राहिलं होतं. मी त्याच्या मागे लागले की लवकर येत जा, अंधार पडल्यावर तू पेंगतोस. कंपनीत अशी रीत होती की ठरलेले नग पूर्ण झाले की सुपरवायझर सुट्टीच्या आधी सोडायचा. दादा म्हणाला, बघतो. आणि खरंच तो दीड-दोन तास आधी यायला लागला. मी त्याला विचारलं नाही की एवढे नग आता लवकर कसे होतात. मला निबंध महत्त्वाचे वाटत होते.

त्या प्रेसला दोन बटणं होती, दोन हातांनी एकदम दाबायची. दोन्ही हात बटणावर असल्याशिवाय प्रेस खाली यायचा नाही, म्हणजे हात साच्यात राहण्याचा प्रश्नच नाही. चांगली सोय होती. पण त्यानं वेळ जातो. म्हणून तिथली पोरं एक बटण दाबलेलंच अडकवून ठेवायची, त्याच्या फटीत काहीतरी कोंबून, आणि मग डाव्या हातानं बटण, उजव्या हातानं माल, असं भराभर चालायचं. सुपरवायझर बघायचा आणि दुसरीकडे बघायचा. काडेपेटीचा तुकडा लवकर चेपतो, पत्रा निसटतो. पुठ्ठा चांगला बसतो. जाड पुठ्ठा, नाण्याहून थोडा मोठा. हे सगळं मला नंतर कळलं.

परीक्षेला तीन-चार आठवडे होते. उसाचं पाचट पेटवायचे दिवस, काळी राख उडत येऊन शाळेच्या व्हरांड्यात पडायची. भूगोलाचा तास चालला होता. दारात शिंपी उभा राहिला, गळ्यात टेप तशीच, सायकल मैदानात आडवी टाकलेली. त्यानं सरांशी काहीतरी बोलून मला बोलावलं. "चल पोरी. आशोकला लागलंय. लई न्हाई," तो म्हणाला. 'लई न्हाई' तो दोनदा म्हणाला, त्यावरून मी काय ते ओळखलं.

दादाच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

शिरूरच्याच एका खासगी दवाखान्यात त्याला आणलं होतं. मी पोचले तेव्हा हात कोपरापर्यंत पांढरा होता आणि तो डोळे मिटून पडला होता. आई कॉटच्या कडेला बसलेली. तिच्या मांडीवर दादाचा डबा होता, न उघडलेला. रिक्षातल्या कुणी पोरानं आणून दिला असणार. ती रडत नव्हती. डब्याचं झाकण दाबून धरून बसली होती. पाटसला कारखान्यावर फोन गेला होता, पण आप्पांची पाळी सुरू होती आणि यायला दुसरा दिवस उजाडणार होता.

दुपारी दोन माणसं आली. एक ठेकेदाराचा माणूस, आमच्याकडचाच, तोंडात गोड बोलणं. दुसरा कंपनीचा साहेब, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. साहेब बसला नाही. ठेकेदाराचा माणूस आईसमोर स्टूल ओढून बसला.

"मावशी, झालं ते लई वाईट झालं. पर तुमच्यापसून काय लपवायचं? चूक पोराची हाय. मशिनीचं बटण त्येनं अडकवून ठिवलं व्हतं. ह्ये बघा कशानं." असं म्हणून त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली, उलगडली आणि आतली वस्तू औषधांच्या टेबलावर ठेवली.

पुठ्ठ्याचा चौकोन होता. तेल पिऊन काळा झालेला, मधे चेपलेला. शब्द कुठला ते वाचता येत नव्हतं. पण कोपऱ्यातल्या बारीक ओळीतली दोन-चार अक्षरं दिसत होती, आणि ती माझी होती. माझी अक्षरं जरा डावीकडे झुकतात, अजूनही. मी शाळेच्या गणवेशात कॉटच्या पायथ्याशी उभी होते. 'पोटात' म्हणजे कुठे ते मला त्या क्षणी कळलं.

आईनं पुठ्ठ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, की मला तसं वाटलं, सांगता येत नाही.

मग साहेब पहिल्यांदा बोलला. आमच्याशी नाही, ठेकेदाराच्या माणसाशी, खिडकीबाहेर बघत, इंग्रजीत. "बिफोर फादर कम्स. सेटल इट चीप."

ते वाक्य मला सबंध कळलं असं म्हणणार नाही. 'सेटल' हा शब्द मला तेव्हा येत नव्हता. आमच्या यादीत नव्हता. 'बिफोर' येत होता. 'फादर' येत होता. 'चीप' येत होता. बाप यायच्या आधी, काहीतरी, स्वस्तात. मधला शब्द नसला तरी माणसाला कळायचं ते कळतं. ते मेथीबद्दल बोलत नव्हते.

आईनं मान वळवली. नेहमीसारखीच, अगदी एसटी स्टँडवर विचारायची तशी, फक्त हळू आवाजात. "शैले, काय म्हनत्यात गं सायेब?"

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी शहाणी होते, वर्गात पहिली यायचे. टेबलावर माझं अक्षर होतं. मी तोंड उघडलं असतं तर साहेबानं विचारलं असतं, तुला इंग्रजी येतं का? मग हे कुणी लिहिलंय? मला वाटलं पोलीस येतील. मला वाटलं दादाची बोटं मीच घेतली हे सगळ्यांना कळेल, आईला कळेल. मी चौदा वर्षांची होते, ही सबब मी पुष्कळदा स्वतःला देऊन पाहिली आहे. ती पुरत नाही.

"काय न्हाई," मी म्हणाले. "दादा लवकर बरा होईल म्हणतात."

साहेबानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहायला लागला.

कागद मराठीत होता, टाइप केलेला. अपघात स्वतःच्या निष्काळजीपणानं झाला, दवाखान्याचा खर्च माणुसकीच्या भावनेतून दिला, यापुढे कसलीही तक्रार राहिली नाही. ठेकेदाराच्या माणसानं तो भराभर वाचून दाखवला आणि वर तोंडानं सांगितलं, "धावी पास होऊ द्या मावशी, हलकं काम बघू कंपनीत. माझा शबुद हाय." त्या एका वाक्यावर आई थांबली. तिनं पदरानं हात पुसले आणि सही केली, एकेक अक्षर नीट सोडवून. दादाचा डावा अंगठा लागत होता. "झोपू द्या त्येला," असं म्हणत त्या माणसानं त्याचा हात उचलला, शाईच्या पॅडवर दाबला, कागदावर दाबला आणि परत चादरीवर ठेवला. जाताना एक पाकीट आईच्या हातात दिलं आणि तो पुठ्ठा पुडीत बांधून खिशात घातला. आईनं पाकीट डब्याखाली ठेवलं. उघडून पाहिलंही नाही.

आप्पा दुसऱ्या दिवशी आले, अंगाला मळीचा वास तसाच. त्यांनी आधी दादाच्या उशापाशी बसून त्याच्या कपाळावर हात ठेवला. मग कागदाची नक्कल वाचली, आणि पुन्हा वाचली. "मी यीपतुर थांबायचं नव्हतं?" ते म्हणाले. ते ओरडले नाहीत, तेच जास्त वाईट होतं.

"म्या हिला इचारलं व्हतं," आई म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली.

त्यानंतर कंपनीत प्रेसला जाळ्या बसवल्या आणि दारात सुरक्षेचा मोठा बोर्ड लावला, असं रिक्षातली पोरं सांगत होती. बैल गेला आणि झोपा केला.

दादा परीक्षेला बसला. हात पट्टीत, त्यामुळे बोर्डाच्या नियमानं त्याला लेखनिक मिळाला. लेखनिक खालच्या वर्गातला लागतो. मी नववीत. त्या वेळी बहीण चालते का असं कुणी फारसं विचारलं नाही. आम्हा दोघांना वेगळ्या खोलीत बसवलं, एक बाई पर्यवेक्षक म्हणून. खिडकीबाहेर कडुलिंब होता आणि कुंपणापाशी कॉपी पुरवणाऱ्यांची गर्दी. तो एकेक अक्षर हळू आवाजात सांगायचा आणि मी लिहायचे. बाई दोनदा पाणी प्यायला बाहेर गेल्या, आणि मला वाटतं मुद्दामच गेल्या. मी पेन थांबवून त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मी सांगतो तेवढंच लिही." शब्दार्थांचा सगळा प्रश्न त्यानं बिनचूक सांगितला. ज्या चिठ्ठ्या परत आल्या नव्हत्या ते सगळे शब्द त्याला खरोखर पाठ होते. त्यात त्यानं मला फसवलं नव्हतं. त्या पेपरात 'चीप' आला नव्हता. आला असता तर गोष्ट नीट जुळली असती, पण पेपर काढणाऱ्यांना आमचं काय माहीत.

तो पास झाला. काठावर, पण झाला. आईनं गल्लीत पेढे वाटले. शिंप्यानं फुकट पँट शिवून दिली, आणि ती चक्क नीट बसली. गुणपत्रिकेची झेरॉक्स घेऊन दादा कंपनीच्या गेटवर गेला. मग परत गेला, मग आप्पांना घेऊन गेला. तोवर ठेकेदार बदलला होता आणि शब्द देणारा माणूस त्याच्याबरोबर गेला होता. इस्त्रीवाल्या साहेबाची बदली झाली होती. गेटवरच्या ऑफिसात एकानं मात्र खरं ते सांगितलं, "हलकं काम म्हंजी पॅकिंग. पॅकिंगला पन धा बोटं लागत्यात." दादा घरी आला आणि गुणपत्रिका पत्र्याच्या पेटीत ठेवली. निळीची पुडी कितीतरी दिवस फळीवर होती. पुढे पावसाळ्यात ती ओली होऊन भिंतीवर निळा ओघळ आला.

दादा आता शिरूरला एका मंगल कार्यालयात वॉचमन आहे. त्याचं लग्न झालं, मुलगी कॉलेजात जाते. अंगठा आणि करंगळी यांच्यामध्ये चहाचा पेला तो असा धरतो की नवीन माणसाच्या लक्षातही येत नाही. थट्टेनं म्हणतो, आपला हात जगन्नाथ. आप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. आई दोन वर्षांपूर्वी गेली, इथं दौंडला, माझ्याच घरी.

परवाच्या रविवारी दादा आला होता, कांद्याची अर्धी गोणी घेऊन. दुपारी आम्ही ओट्यावर बसलो. कडुलिंबाचा मोहर अंगणात सांडत होता आणि वारा पाटसचाच होता. मी त्याला आठवीच्या वर्गातली गंमत सांगायला लागले, शर्टवाल्या मुलाची, आणि मध्येच थांबले. इतकी वर्षं जे बोलले नव्हते ते बोलले.

"दादा, दवाखान्यात तो साहेब काय म्हणाला ते मला कळलं होतं."

त्यानं पेला खाली ठेवला. "मलाबी कळलं व्हतं."

"तू तर झोपला होतास."

"जागा व्हतो. 'चीप' कवाच पाठ झाला व्हता. त्येची चिठ्ठी पैल्या आठवड्यातच संपली."

"मग अंगठा का घेऊ दिलास?"

त्यानं पेला ओट्याच्या कडेला सरकवला. मग म्हणाला, "त्यानं ती चिठ्ठी टेबलावर ठिवली तवा म्या डोळं किलकिलं करून बघितलं. तुझं अक्षर. तू म्होरं शाळंच्या कपड्यात हुबी. म्हनलं, आता आपुन बोललो तर इचारतील ह्ये कुनी लिवलं. म्हनून गप पडून ऱ्हायलो."

मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. तो गोणीतला एक कांदा हातात घेऊन त्याची साल काढत बसला. जरा वेळानं मी डोळे पुसून म्हणाले, "आईला कळलं नाही, एवढं तरी बरं झालं."

दादानं माझ्याकडे नवलानं पाहिलं. "न्हाई कळलं? त्या दिसापासून तिनं तुला कवा इंग्रजी इचारलं का?"

मी आठवायला लागले. दादाला दवाखान्यातून सोडताना मिळालेला गोळ्यांचा कागद तिनं कंपाउंडरकडून वाचून घेतला होता. नंतर शाम्पूची पुडी, मोबाइलवरचा मेसेज, सगळं ती शिंप्याच्या मुलाकडे घेऊन जायची. मी बी.ए. झाले, बी.एड. झाले, इंग्रजीची बाई झाले. मला वाटायचं, मी कामात असते म्हणून ती मला विचारत नाही.

शेवटच्या आजारपणात ती माझ्या घरी होती. एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते आणि शेजारची सहावीतली पोर तिच्याजवळ येऊन बसली होती. आईनं उशीखालून गोळ्यांचं पाकीट काढून तिच्यापुढे धरलं. "काय लिवलंय गं?" पोरीनं अडखळत वाचलं आणि अर्थ सांगितला, तो चुकीचा सांगितला. आईनं मान डोलावली आणि पाकीट परत उशीखाली ठेवलं. मी दारातून सगळं ऐकत होते, आणि भाजी लागेल म्हणून गॅस बारीक केला.